तक्ता क्रमांक ३

धारूर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावरचा पेपर लिहायला बसले तेव्हा मला वाटत होतं, अवघड काम तर झालंय. बालाघाटाच्या चढउतारावर हिंडून ३२ ठिकाणचं पाणी आणलं होतं. विहिरी, आड, हापसे, बोअर. एकदा मे २०२४ मध्ये, विहिरींनी तळ गाठला होता तेव्हा, आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरल्यावर. आता आकडे कागदावर मांडायचे तेवढे राहिलेत, असा माझा समज होता.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.चं काम चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमावलीनं प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट काढून टाकली, त्यामुळे स्टाफरूममध्ये मला बऱ्याच जणांनी सांगितलं की बाई, कशाला डोक्याला ताप करून घेता. पण मला पेपर हवाच होता. जी माणसं रोज हे पाणी पितात त्यांच्याबद्दल मी काहीतरी म्हणणार होते, आणि ते म्हणणं मला न ओळखणाऱ्या एखाद्या जाणकारानं तपासावं असं मला मनापासून वाटत होतं.

पाण्याबद्दल गावात शब्दांची कमी नाही. गोडं, मचूळ, खारं, जड. "पाणी जड हाय बाई, डाळ शिजंना," असं एखादी मावशी म्हणाली की तिथला काठिण्याचा आकडा मोठा येणार हे आधीच कळायचं. प्रयोगशाळेत येऊन काठिण्य मोजायला ईडीटीएचं टायट्रेशन लावावं, म्हणजे ते रसायन नळीतून थेंब थेंब सोडावं, आणि लालसर द्रावण निळं व्हायला ब्युरेट रिकामं होत यावं, असं कितीदा तरी झालं. शेणखतातून, उकिरड्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचं तसं नाही. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. गोड लागणाऱ्या पाण्यातही ते भरपूर असू शकतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं आणि त्याच्या वर सूट नाही. माझा सगळा पेपर या एका आकड्याभोवती फिरत होता.

पहिला मसुदा मी थेट इंग्रजीत लिहिला आणि तो वाईट होता. दुसऱ्यांच्या पेपरांत वाचलेली वाक्यं माझ्या हातून उतरत होती. पाणी हे जीवनासाठी अत्यावश्यक आहे, लोकसंख्या वाढते आहे, भूजलावर ताण आहे, अशी दीड पानं. संभाजीनगरच्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती वाचली आणि म्हणाल्या, "एक कोरं पान घे. तुला काय सापडलं ते मराठीत लिही, घरी सांगतेस तसं. एका पानात मावलं नाही तर तुलाच अजून कळलेलं नाही."

ते पान लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पण त्यानंतर पेपरला कणा आला. आधी तक्ते आणि नकाशा पक्का केला, मग पद्धती, मग निष्कर्षांचे आकडे, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि २५० शब्दांचा सारांश सगळ्यात शेवटी. त्या मराठी पानावरचं मुख्य वाक्य असं होतं: मे महिन्यात बऱ्याच विहिरींत नायट्रेट ४५ च्या वर आहे, पण पावसाचं पाणी मुरलं की ते विरळ होऊन नोव्हेंबरात झपाट्यानं उतरतं. वाक्य सोपं होतं, आशादायक होतं. मॅडमना पटलं, मलाही पटलं. हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा वाचलं आणि एकदाही अडखळले नाही.

जर्नल निवडताना मात्र अडखळले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून दोनदा तरी निरोप येतो: पेपर पाठवा, सात दिवसांत प्रसिद्ध, प्रमाणपत्र सोबत, फी अमुक. त्यातल्या एकाला मी पूर्वी पैसे भरले होते, आणि माझा तो लेख कुणीही न वाचता जसाच्या तसा छापला गेला. शीर्षकातली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे गेले ते गेले, पण त्या लेखात एक चांगली गोष्ट होती, ती वाया गेली. पूर्वी आम्ही निदान यूजीसीच्या केअर यादीकडे, म्हणजे मान्य जर्नलच्या यादीकडे, बोट दाखवायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली आणि पारख ज्याची त्यानं करायची ठरली. मला त्यात गैर वाटत नाही, फक्त पारख करायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी केलं ते असं. माझ्याच संदर्भसूचीकडे पाहिलं. मला ज्यांचे पेपर खरोखर उपयोगी पडले ते कुठं छापून आले होते? दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसली. त्यांचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, अधिकृत पोर्टलवर ताडून पाहिला, कारण चांगल्या जर्नलच्या नावानं हुबेहूब खोटी संकेतस्थळं काढणारेही असतात. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या त्या विद्यापीठात आहेत का ते पाहिलं. आणि लेखकाकडून पैसे न घेता छापण्याचा मार्ग तिथं आहे का, हे तपासलं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की चांगल्या ठिकाणी छापायचं म्हणजे लाखभर मोजावे लागतात. लेख सर्वांना मोफत खुला करायचा असेल तर तशी फी असते हे खरं, पण वर्गणीच्या मार्गानं जाणाऱ्या कितीतरी नावाजलेल्या जर्नलमध्ये लेखकाला एक रुपयाही लागत नाही.

पहिल्या जर्नलनं नवव्या दिवशी पेपर परत केला. समीक्षकांपर्यंत गेलाच नाही. संपादकांनी दोन ओळींत लिहिलं की विषय फार स्थानिक आहे. दिवसभर मला काही सुचेना. मॅडम फोनवर म्हणाल्या, "ज्यानं धारूरचं नाव ऐकलेलं नाही त्यानं तुझा पेपर का वाचायचा, हे तू कुठं सांगितलंयस?" सांगितलं नव्हतंच. मग प्रस्तावना नव्यानं लिहिली. दख्खनचा हा काळा पाषाण जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये, आणि म्हणून जमिनीवर जे काही पडतं ते विहिरीत लवकर पोचतं. धारूरच्या ३२ विहिरींची गोष्ट ही या सगळ्या खडकाळ मुलखाची गोष्ट होऊ शकते. हे लिहिताना मलाच माझं काम मोठं वाटायला लागलं.

दुसऱ्या जर्नलकडे मार्च २०२५ मध्ये पेपर पाठवला. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नसतो, म्हणून पहिल्याचा नकार हाती आल्यावरच. त्या पोर्टलवर एक अख्खा रविवार गेला. ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक, कोणत्या लेखकानं काय काम केलं याचं निवेदन, हितसंबंधांचं निवेदन, नकाशा ठरावीक स्पष्टतेचा, चार संभाव्य समीक्षकांची नावं. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य तपासणीचा अहवाल आधीच काढून ठेवला होता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं आणि माझं त्याच्या आत होतं, तेही बहुतेक पद्धतींच्या भागात, कारण टायट्रेशन कसं केलं हे सांगायचे शब्द सगळ्यांचे सारखेच असतात. संध्याकाळी सहाला शेवटचं बटण दाबलं.

मग वाट पाहणं. एप्रिल गेला, मे गेला. परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेश. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शिवारात पेरण्या चालू असताना, मेल आला: मोठ्या दुरुस्त्या करा, ९० दिवसांची मुदत.

पहिल्या समीक्षकाच्या सूचना भाषेबद्दल आणि नकाशाबद्दल होत्या. दुसऱ्यानं अकरा मुद्दे लिहिले होते. चौथा मुद्दा असा की प्रत्येक नमुन्याचा आयन ताळेबंद दाखवा. आणि पाचवा, एका ओळीचा: तक्ता क्रमांक ३ मधले नायट्रेटचे आकडे नायट्रेट म्हणून आहेत की नायट्रोजन म्हणून?

पाचवा मुद्दा मी किरकोळ समजून बाजूला ठेवला आणि चौथ्याला हात घातला. हा ताळेबंद म्हणजे दुकानाच्या जमाखर्चासारखा असतो. पाण्यात एकीकडे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे धनभाराचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण. दुसरीकडे बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट हे ऋणभाराचे. पाण्याला स्वतःचा भार नसतो, म्हणून दोन्ही बाजू जुळायला हव्यात. मोजमापात थोडी चूक राहतेच. पाच टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतात. हा हिशेब मी पाठवण्याआधीच करायला हवा होता. केला नव्हता.

रात्री साडेदहाला एक्सेलमध्ये मे महिन्याचे ३२ नमुने भरले. फरक कुठे उणे दोन, कुठे अधिक तीन, कुठे उणे एक. दोन्ही बाजूंना विखुरलेला, जसा असायला हवा तसा. मग नोव्हेंबरचे भरले. अधिक चार. अधिक साडेतीन. अधिक सहा. खाली येत गेले तसं माझ्या लक्षात आलं की एकही उणे नाही. डब्ल्यू १७ क्रमांकाच्या विहिरीला तर अधिक ६.८. मोजमापाच्या साध्या चुका अशा एकाच बाजूला झुकत नाहीत. सगळीकडे ऋणभाराचं काहीतरी कमी पडत होतं.

तेव्हा पाचवा मुद्दा आठवला.

मे महिन्यातलं नायट्रेट आम्ही आमच्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, २२० नॅनोमीटरला मोजलं होतं. नोव्हेंबरपर्यंत त्याचा ड्यूटेरियमचा दिवा गेला होता आणि नवा यायला वेळ होता, म्हणून फक्त नायट्रेटसाठी नमुने बाहेरच्या एका प्रयोगशाळेत दिले होते. त्यांचा अहवाल फाइलमधून काढला. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात स्पष्ट छापलेलं होतं: नायट्रेट, नायट्रोजन म्हणून. त्यांनी बरोबरच लिहिलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

नायट्रोजनच्या अणूचं वजन १४. त्याला प्राणवायूचे तीन अणू जोडले की नायट्रेटचं ६२. म्हणजे नायट्रोजन म्हणून दिलेला आकडा नायट्रेट म्हणून सांगायचा तर त्याला ४.४३ नं गुणावं लागतं. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. डब्ल्यू १७ चा नोव्हेंबरचा आकडा होता १६. गुणल्यावर ७१. ताळेबंदातला फरक ६.८ वरून १.७ वर आला. एकामागून एक सगळे नमुने दोन्ही बाजूंना विखुरले गेले, मे महिन्यासारखे.

हिशेब जुळला आणि पेपर मोडला. पावसानं नायट्रेट उतरतं हे माझं मुख्य वाक्य उलटं होतं. निम्म्याहून जास्त विहिरींत ते पावसानंतर वाढलं होतं.

पण त्या रात्री पेपरचं दुःख फार वेळ टिकलं नाही, कारण डब्ल्यू १७ म्हणजे कुणाची विहीर हे मला माहीत होतं. गावाच्या कडेला एका आजींचं घर आहे. घरामागं गुरांचा कोठा, त्याला लागून उकिरडा, आणि तिथून पंधरा-वीस पावलांवर विहीर. मे महिन्यात तिथं ५४ आलं होतं, तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं होतं की हे पाणी पिऊ नका, नळाचं प्या. आजींनी ऐकलं होतं. आणि डिसेंबरमध्ये मीच मोठ्या आनंदानं जाऊन सांगितलं होतं की पावसानं पाणी निवळलंय, १६ वर आलंय, आता हरकत नाही.

सकाळी पहिलं लेक्चर दुसऱ्या मॅडमना द्यायला सांगून स्कूटी काढली. रात्री पाऊस झालेला, काळ्या मातीचा रस्ता चाकाला चिकटत होता. शेवटचा टप्पा चालतच गेले. आजी दारात बसून तूर निवडत होत्या. आत झोळीत बाळ होतं. धाकटी लेक बाळंतपणाला आली होती, बाळ दोन महिन्यांचं.

मी आधी बाळाचंच विचारलं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून वरचं दूध चालू होतं, पाणी घालून. "पाणी उकळूनच देतो बाई," लेक म्हणाली.

उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचाच सगळ्यात मोठा धोका. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. मी बाळाचे ओठ पाहिले, नखं पाहिली. गुलाबी होती. तरीही त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवून आणायला सांगितलं, आणि त्यांनी आणलं. बाळ ठणठणीत होतं.

मग आजींना सांगितलं की माझा हिशेब चुकला होता. आकडा १६ नव्हता, ७१ होता. आजी निवडायच्या थांबल्या.

"म्हंजी तवापासून आमी तेच पीत आलो?"

"हो आजी. मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, येऊन सांगितलं. आता बाळाला कुटलं पाणी देऊ, ते सांगा."

गावच्या नळाचं पाणी मी बाटलीत घेऊन आले. आमच्या यंत्रात तोवर नवा दिवा बसला होता. दुपारी मोजलं, ४५ च्या बरंच खाली होतं. तिथूनच आजींच्या लेकीला फोन केला. उरलेल्या ज्या घरांना मी डिसेंबरात तोंडी आकडे सांगितले होते, त्यांच्याकडे जायला पुढचे दोन रविवार लागले.

संपादकांना पत्र लिहिण्याआधी मॅडमशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीही तो तक्ता चार वेळा वाचलाय. पत्रात ‘आम्ही’ लिही." पत्रात सरळ लिहिलं की समीक्षकाच्या पाचव्या प्रश्नामुळे आम्हाला आमची चूक सापडली, दुसऱ्या फेरीचे नायट्रेटचे सगळे आकडे चुकीच्या स्वरूपात होते, मुख्य निष्कर्ष उलटतो, आणि आपल्याला योग्य वाटल्यास आम्ही पेपर मागं घेतो. चार दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी आलं: सर्व तक्ते नव्यानं मोजून सुधारित हस्तलिखित पाठवा, ते त्याच समीक्षकांकडे जाईल.

ते दोन महिने मी आयुष्यात सगळ्यात जास्त शिकले. शीर्षक बदललं. सारांश पुन्हा लिहिला. चर्चेचा भाग तर पूर्ण नवा, आणि तो आधीपेक्षा खरा होता. पाण्यात नायट्रेट पूर्ण विरघळतं. मातीच्या चिकण कणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणभारच, म्हणून काळी माती त्याला धरून ठेवत नाही. उन्हाळाभर उकिरड्यात आणि रानात साठलेलं सगळं पावसाच्या पाण्याबरोबर मुरमातून खाली उतरतं. मी ३२ ठिकाणांच्या क्षेत्रवहीत कोठा किती पावलांवर आहे हे लिहून ठेवलं होतं, केवळ सवय म्हणून. पहिल्या मसुद्यात त्या नोंदींना जागाच नव्हती. आता त्यांचाच आलेख मुख्य झाला.

समीक्षकांना उत्तर देणारं पत्र चौदा पानांचं झालं. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा वर, त्याखाली आमचं उत्तर, त्याखाली बदललेल्या ओळींचे क्रमांक. पटलं नाही तिथं नम्रपणे कारण दिलं. पहिल्या समीक्षकानं विहिरींचे अचूक अक्षांश-रेखांश मागितले होते, ते आम्ही दिले नाहीत, कारण त्यावरून घरं ओळखू आली असती. गावांच्या पातळीवरचा नकाशा दिला आणि तो त्यांनी मान्य केला. पाचव्या मुद्द्याच्या उत्तराला आभाराचं एक वाक्य जोडलं. त्या माणसाचं किंवा बाईचं नाव मला कधीच कळणार नाही.

ऑक्टोबरात स्वीकृतीचा मेल आला आणि दिवाळीनंतर छपाईपूर्वीची मुद्रितं, तपासायला ४८ तासांची मुदत. मी ती कागदावर काढली आणि पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचली. संदर्भांत दोन वर्षं चुकली होती, एका खेड्याचं नाव चुकलं होतं. तक्ता क्रमांक ३ वर आले. रकाना अरुंद पडला म्हणून जुळणी करणाऱ्यानं मथळा आखूड केला होता. फक्त ‘नायट्रेट, मिग्रॅ/लि’ एवढंच राहिलं होतं; ‘नायट्रेट म्हणून’ हे शब्द गळले होते.

लाल पेननं ते परत घातले. पोर्टलवर दुरुस्ती भरताना कारणाच्या चौकटीत लिहिलं की रकाना रुंद करा, अक्षर बारीक करा, काहीही करा, पण हे दोन शब्द गाळू नका. आता छापील पानावर ते आहेत.